विटाळ पदार्थाचा की माणसाचा?

थायरॉइड कॅन्सरच्या रुग्णाला आयोडीन-१३१ चा मोठा डोस दिला की त्याला काही दिवस वेगळ्या खोलीत ठेवतात. त्या खोलीचा संडास शहराच्या गटाराला थेट जोडलेला नसतो. रुग्णाचं मलमूत्र एका बंद टाकीत जातं. ती टाकी भरली की बंद करून दुसरी सुरू करतात आणि पहिली तशीच राहू देतात. आयोडीन-१३१ ची किरणोत्सर्गी ताकद दर आठ दिवसांनी निम्मी होते. ती ठरलेल्या मर्यादेखाली आल्याशिवाय टाकीतलं पाणी बाहेर सोडायचं नाही, असा नियम आहे. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या परवानगीशिवाय असा वॉर्ड सुरूच करता येत नाही.

मग एक दिवस ते पाणी सुरक्षित ठरतं आणि गटारात सोडलं जातं. त्याच गटारात चोकअप झालं की माणूस उतरतो.

हे पुन्हा एकदा वाचा. मैला किरणोत्सर्गी होता तोवर त्याच्या आसपास कोणी फिरकायचं नाही, म्हणून टाकी, झडपा, मोजमाप, परवाना, तपासणी. तोच मैला 'साधा' झाला की दोरी आणि बादली. या देशाला घाणीपासून माणसाचं शरीर दूर ठेवता येत नाही, असं अजिबात नाही. उत्तम येतं. कोणाचं शरीर दूर ठेवायचं, एवढाच निर्णय आधी झालेला असतो.

मी चंदीगडमध्ये पीएचडी करते. विषय शहरी सफाईकाम आणि कंत्राटीकरण. इथे कुणाला सांगितलं की लगेच ऐकायला मिळतं, 'पण चंदीगड तर प्लॅन्ड सिटी आहे.' हो, आहे. ल कॉर्बुझिएच्या आराखड्यात रस्त्यांच्या श्रेणी ठरलेल्या आहेत, बागा ठरलेल्या आहेत, कोणत्या सेक्टरमध्ये बाजार कुठे असेल तेही ठरलेलं आहे. आणि शहराचा कचरा वर्षानुवर्षं दादूमाजराला, कामगार-कष्टकऱ्यांच्या वस्तीच्या अगदी उशाला पडत आला आहे. उन्हाळ्यात त्या डोंगराला आग लागत आली आहे, पावसाळ्यात त्यातून काळं पाणी वाहत आलं आहे. नियोजनाचा अभाव म्हणून हे घडलेलं नाही. नियोजनात ज्यांची घरं मोजलीच गेली नाहीत त्यांच्या दारात ते आलं आहे.

म्हणूनच सफाईकामाचा अभ्यास करताना मी अणुकचऱ्याकडे वळले. 'भारतात यंत्रं परवडत नाहीत', 'आपल्याकडे तेवढं तंत्रज्ञान नाही' ही जी उत्तरं सफाई कामगारांना पिढ्यान्‌पिढ्या दिली जातात, ती खरी आहेत का, हे तपासायला याहून चांगली जागा नाही.

अणुभट्टीतून बाहेर काढलेलं जळकं इंधन आधी कित्येक वर्षं खोल पाण्याच्या तलावात ठेवतात. पाणी ते थंड ठेवतं आणि किरणंही अडवतं. पुढे पुनर्प्रक्रिया करायची झाली तर त्याचे तुकडे करून नायट्रिक आम्लात विरघळवतात आणि युरेनियम, प्लुटोनियम वेगळं काढतात. ट्रॉम्बेचा प्रकल्प १९६४ मध्ये सुरू झाला, पुढे तारापूरला झाला, मग कल्पाक्कमला. मागे उरतो तो सगळ्यात जहाल द्रव कचरा. तो वितळलेल्या काचेत मिसळतात, पोलादी डब्यात ओततात आणि डबा सील करतात. तारापूरला असे डबे ठेवायला खास तळघर आहे. तिथली हवा नैसर्गिकरीत्या खेळत राहते आणि डब्यांची उष्णता वाहून नेते. पंखा बंद पडला म्हणून अपघात व्हायला नको, इतका पुढचा विचार त्या रचनेत आहे.

हे सगळं काम जाड काँक्रीटच्या भिंतींआड चालतं. माणूस बाहेर उभा राहून शिशाच्या काचेतून पाहतो. तो हात हलवतो तसा आतला लोखंडी हात हलतो. या यंत्राचं नाव आहे 'मास्टर-स्लेव्ह मॅनिप्युलेटर'. आपलं भाभा अणुसंशोधन केंद्र ते स्वतः बनवतं. मालक बाहेर, गुलाम आत. अणुकेंद्रात गुलाम लोखंडाचा असतो. गटारात तो हाडामांसाचा असतो आणि त्याचं आडनाव आपल्याला आधीच माहीत असतं.

आता या इमारतींची मांडणी पाहा. स्वच्छ भाग, कमी दूषित भाग, जास्त दूषित भाग असे पट्टे पाडलेले असतात. हवा कायम स्वच्छ भागाकडून दूषित भागाकडे वाहील अशी व्यवस्था असते, उलट कधीच नाही. हे वाचताना मला आपलं गाव आठवतं. गावकुसाच्या आत एक, बाहेर एक. पाणी आधी गावाला, मग वाड्याला. पण एक मूलभूत फरक आहे. अणुकेंद्रात कुंपण घातलेलं असतं ते पदार्थाभोवती. तो पदार्थ खरोखर घातक आहे, त्याचं माप आहे, एकक आहे, अर्धायुष्य आहे. काळ गेला की त्याचा विटाळ कमी होतो. जातीच्या विटाळाला ना माप, ना अर्धायुष्य. तो पदार्थाला चिकटत नाही, माणसाला चिकटतो आणि बापाकडून मुलाकडे जसाच्या तसा जातो. घाण हलवायला माणूस लावायचा आणि मग त्या माणसालाच घाण ठरवायचं. जगातल्या कुठल्याही अभियंत्याने इतकी बेइमान रचना केली नसेल.

जात ही श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे आणि तीही उतरंडीची, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्येच मांडलं. लाहोरच्या ज्या जातपात तोडक मंडळासाठी ते भाषण लिहिलं होतं, त्या मंडळाने ते होऊ दिलं नाही. मी आज जिथे राहते तो हाच पंजाबचा मुलूख. केंद्र सरकारच्या नमस्ते योजनेत गटार आणि सेप्टिक टँक साफ करणाऱ्या सुमारे ३८ हजार कामगारांची नोंद झाली, तेव्हा त्यांतले जवळपास ६९ टक्के अनुसूचित जातींचे निघाले. हाताने मैला साफ करायला लावण्याविरुद्ध १९९३ चा कायदा आहे, २०१३ चा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये गटारातल्या मृत्यूसाठी दहा लाखांची भरपाई ठरवली, २०२३ मध्ये ती तीस लाख केली. भरपाईचा दर वाढतो, मॅनहोलचा आराखडा मात्र बदलत नाही. आणि यंत्र नाही म्हणावं तर केरळच्या तरुण अभियंत्यांनी मॅनहोल साफ करणारा रोबोट २०१८ मध्येच तिरुवनंतपुरमला उतरवून दाखवला आहे.

इथे कुणी म्हणेल, म्हणजे तुम्हाला अणुउद्योगाचं कौतुक आहे तर. नाही. त्या उद्योगाची आखणी जिथे संपते तिथेही जात आणि वर्गच सुरू होतो.

कल्पाक्कमचं उदाहरण घ्या. जानेवारी २००३ मध्ये तिथल्या पुनर्प्रक्रिया केंद्रात एका झडपेतून जहाल कचरा सौम्य कचऱ्याच्या टाकीत झिरपला. त्या जागी किरणोत्सर्ग मोजणारं उपकरणच नव्हतं. सौम्य समजून नमुना हाताळला गेला आणि सहा कर्मचाऱ्यांना वर्षाच्या मर्यादेच्या कैक पट मात्रा लागली. सुरक्षेबद्दल तिथली कर्मचारी संघटना आधीपासून बोलत होती. लोकांना ही गोष्ट कळायला महिने गेले. २००० पासून भाभा केंद्राच्या सुविधा नियामक मंडळाच्या देखरेखीबाहेर काढल्या होत्या, म्हणजे तपासणारा आणि तपासला जाणारा एकाच घरातले. कोट्यवधींच्या प्रकल्पात एक मोजणी यंत्र का नव्हतं? कारण ज्याचं शरीर आत जातं, त्याचं मत आराखड्याच्या टेबलावर कधी पोचत नाही.

दुसरं उदाहरण दिल्लीचं. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातलं कोबाल्ट-६० असलेलं एक उपकरण १९८५ पासून पडून होतं. फेब्रुवारी २०१० मध्ये ते भंगार म्हणून लिलावात विकलं गेलं. मायापुरीच्या भंगार बाजारात ते फोडलं गेलं. एकाचा जीव गेला, आणखी सात जण इस्पितळात गेले. विद्यापीठात त्या उपकरणाला शिशाचं कवच होतं. भंगार बाजारात ते फोडलं गेलं तेव्हा ना कवच उरलं, ना इशारा. ज्ञान वरच्या मजल्यावर राहिलं, धोका तेवढा खाली उतरला.

तिसरी गोष्ट सगळ्यात कमी बोलली जाते. किरणोत्सर्गाच्या कामगारासाठी आपल्याकडे मर्यादा आहे : पाच वर्षांची सरासरी काढून वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. चांगला नियम आहे. पण मर्यादा माणसाला आहे, कामाला नाही. गळती पुसायची आहे, पाइप बदलायचा आहे आणि कायम कामगाराची मर्यादा भरत आली, तर सोपा उपाय असतो : तेच काम अधिक शरीरांत वाटून टाका. तात्पुरती शरीरं त्यासाठीच लागतात. जपानी पत्रकार कुनिओ होरिए स्वतः तीन अणुकेंद्रांत असा मजूर म्हणून राबले आणि १९७९ मध्ये त्यांनी पुस्तक लिहिलं. त्याच्या नावातच अशा मजुरांना 'अणुकेंद्रांचे जिप्सी' म्हटलं आहे. आपल्याकडे हा मजूर कोण असतो? त्याची जात, त्याचं गाव, त्याचा ठेकेदार? जाहीर होणाऱ्या आकड्यांत डोस दिसतो, माणूस दिसत नाही. तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या युनिटसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठवली गेली. ज्यांची जमीन आणि समुद्र गेला, त्यांच्या वाट्याला प्रकल्पातली कोणती कामं आली, याचा हिशेब मराठी वाचकाने तरी कधी मागितला आहे का?

हा प्रश्न आज माझ्या शेजारी उभा आहे. हरियाणात फतेहाबाद जिल्ह्यातल्या गोरखपूरला ७०० मेगावॅटच्या चार अणुभट्ट्यांचा प्रकल्प होतोय. २०१४ मध्ये पायाभरणी झाली. शेतकऱ्यांनी आंदोलन केलं, मोबदल्यावर भांडले, त्यांचा तो हक्कच होता. पण मोबदला सातबारा पाहून मिळतो. ज्याच्या नावावर कधीच जमीन होऊ दिली गेली नाही, त्या भूमिहीन दलित मजुराकडे विकायला काय होतं? जळक्या इंधनाचे तलाव तिथेही बांधले जातील. ते उत्तमच बांधले जातील, अशी आशा आहे. त्यांची फरशी कोण पुसेल, हे कोणत्या नकाशात लिहिलंय?

मला 'आमच्या पोरांनाही अणुकेंद्रात नोकऱ्या द्या' एवढंच म्हणायचं नाही. नोकऱ्या हव्यातच, आणि आराखड्याच्या टेबलावर हव्यात. पण मागण्या त्याहून साध्या आणि अधिक अडचणीच्या आहेत.

एक, यंत्र बंद पडल्यावर आत कोण जाणार, या प्रश्नाचं लेखी उत्तर नसलेल्या कुठल्याही कचरा प्रकल्पाला परवाना नको, मग तो कचरा अणूचा असो की गटाराचा. दोन, कंत्राटी कामगारांनी घेतलेला डोस वेगळा जाहीर करा, सामाजिक प्रवर्गासह. आणि त्या कामगाराच्या हातात त्याला वाचता येईल अशा भाषेत त्याची नोंदवही द्या, म्हणजे वीस वर्षांनी आजार झाला तर पुरावा त्याच्याकडे असेल. तीन, गटारासाठीही तेच मूलतत्त्व कायद्याने लागू करा जे अणुकेंद्रात लागू आहे : घातक पदार्थ आणि माणूस यांच्यात आधी यंत्र येतं, मग अंतर, आणि माणूस शेवटी, तोही मोजमापासह.

यावर 'खर्च' हा शब्द येईल. काच वितळवायला, शिशाच्या खिडक्या बसवायला, लोखंडी गुलाम बनवायला या देशाने कधी खर्चाचं कारण दिलं नाही, कारण काचेच्या अलीकडे उभा असलेला माणूस त्याला आपला वाटत होता. मॅनहोलच्या तोंडाशी उभा असलेला माणूस ज्या दिवशी आपला वाटेल, त्या दिवशी पैसाही सापडेल. तोवर तंत्रज्ञानाच्या अभावाची गोष्ट आम्हाला सांगू नका.