खेड्यातील शांततेचा हिशेब

आपणा शहरवासीयांना खेड्याचे कौतुक करण्याची जुनी खोड आहे. बडोद्याहून कुलदैवताच्या दर्शनाला गोव्यात गेलेली मंडळी मंगेशीहून एखादा दिवस वाढवून साखळीकडे वळते, दत्तमंदिरात माथा टेकवते, वाळवंटीकाठच्या विठ्ठलापुरात विठोबाला हात जोडते, हरवळ्याचा धबधबा पाहते आणि परतल्यावर हटकून म्हणते, ‘‘काय हो ती शांतता!’’ दांडिया बाजारात राहणाऱ्याने शांततेला भुलावे यात नवल नाही. मीही भुलतो. पण ती शांतता कोणत्या जातीची, हे आपण कधी विचारत नाही. आणि ते विचारायला हवे, असे मला वाटते.

साखळीला आता नगरपालिका आहे. परंतु सुर्ला, पाळी, कुडणे ही आसपासची गावे भातशेतीची आणि कुळागरांची. त्या भागातील डोंगरांच्या पोटात लोहखनिज आहे. 1950 नंतरच्या दशकात ते जपानकडे जाऊ लागले. पुढे चीनची मागणी वाढली आणि 2010-11 साली गोव्याच्या बंदरांतून पाच कोटी टनांहून अधिक खनिज परदेशी गेले. डोंगर फोडायचा, माल ट्रकने मांडवीच्या धक्क्यावर न्यायचा आणि तेथून बार्जमधून मुरगावला, असा तो क्रम. रस्त्यावर ट्रकांची रांग आणि कडेच्या केळींवर तांबडी धूळ! खाणीचा खड्डा भूजलाच्या पातळीखाली गेला की पाणी पंपांनी उपसावे लागते आणि भोवतालच्या विहिरी आटू लागतात. खाणीबाहेर रचलेली निरुपयोगी माती पावसाळ्यात ओहोळांतून शेतात उतरते. पावसाळ्यानंतर वायंगणाचे भात घेतात, ते झऱ्या-ओहोळांच्या पाण्यावर. झरा गेला की वायंगणही गेले.

ऑक्टोबर 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम थांबविले. 2014 मध्ये मर्यादा घालून परवानगी मिळाली. फेब्रुवारी 2018 मध्ये न्यायालयाने 88 खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि मार्चपासून पुन्हा सामसूम झाली. रस्ते मोकळे झाले. पाहुण्यांना धन्य वाटले. पण ज्याने कर्ज काढून ट्रक घेतला, त्याच्या अंगणातली शांतता निराळी होती. एका घराला मोकळा श्वास मिळाला, दुसऱ्या घरात हप्त्यांची चिंता शिरली. आणि पुष्कळदा ती दोन्ही घरे एकच होती! शेत गाळाने भरले म्हणून जो ट्रककडे वळला, त्याचा आता ट्रकही उभा आणि शेतही पडीक.

2024 पासून डिचोलीच्या भागात, लिलावाने दिलेल्या खाणीचे काम पुन्हा सुरू झाले आहे. आपल्यातील काहीजण म्हणतात, ‘खाणी कायमच्या बंद करा’; काहीजण म्हणतात, ‘प्रगती अडवू नका’. सहाशे-सातशे मैलांवरून दोन्ही बोलणे सोपे आहे, कारण दोहोंपैकी कशाचाही भुर्दंड आपल्याला पडत नाही. माझे म्हणणे इतकेच, की झरा आणि शेत राखण्याचा खर्च खनिजाच्या किमतीतच धरला पाहिजे. ओहोळातला गाळ काढणे, मातीच्या ढिगाला पावसापूर्वी बांध घालणे, विहिरींची पातळी पाहत उपसा ठेवणे, ही कामे धर्मादाय नव्हेत. तो धंद्याचाच भाग आहे. 2015 च्या दुरुस्ती कायद्याने खाणग्रस्तांसाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठानाची तरतूद केली. त्या पैशावर पहिला हक्क शेताचा आणि पाण्याचा मानावा. इमारती, कमानी मागाहून.

खेडे म्हणजे आपल्या थकलेल्या मनासाठी राखून ठेवलेला देखावा नव्हे. तेथील माणसालाही मुलांची फी भरायची असते, घर शाकारायचे असते. त्याने जुन्या चित्रासारखे निश्चल राहावे, ही अपेक्षा म्हणजे प्रेम नव्हे. तो आपला स्वार्थ आहे.

तेव्हा पुढच्या खेपेस विठ्ठलापुराहून परतताना शांततेची तारीफ करण्यापूर्वी, वाटेत भेटेल त्याला एवढेच विचारावे, ‘‘यंदा वायंगण झाले का हो?’’ उत्तर ‘झाले’ असे आले, तर तारीफ खुशाल करावी.