विश्लेषण : मोफत उपचार सात दिवस, हाड जुळायला सहा महिने! अपघातात मांडीचे हाड मोडल्यास पुढे काय?

रस्ते अपघातातील जखमींना दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख पैसे न भरता देणारी केंद्राची योजना मे २०२५ पासून लागू आहे. तिची मुदत अपघातापासून सात दिवस. अजिंठा लेणीपासून छत्रपती संभाजीनगर सुमारे १००, तर जळगाव सुमारे ६० किलोमीटरवर आहे. या मार्गावर दुचाकीस्वाराच्या मांडीचे हाड मोडले, तर सात दिवस पुरतात का?

हाडाचा दांडा कसा वाढतो?

मांडी, नडगी, दंड यांतील लांब हाडांचा मधला भाग म्हणजे दांडा. तो पोकळ नळीसारखा असतो. बाहेर टणक कवच, आत मज्जा. हाडाची लांबी दांड्यात वाढत नाही. ती टोकांजवळच्या वाढीच्या कूर्चेत वाढते. दांड्याची जाडी मात्र त्यावरील आवरणामुळे वाढते. मुलांमध्ये हे आवरण जाड असल्याने लहान मुलाच्या मांडीचे हाड प्लॅस्टरमध्ये साधारण दीड महिन्यातही जुळते. जुळताना रक्तपुरवठा वाढून तो पाय किंचित लांबही होऊ शकतो.

पहिला तास महत्त्वाचा का?

तरुण माणसाच्या मांडीचे हाड सहसा जोरदार धडकेनेच मोडते. त्यानंतर मांडीच्या आत एक ते दीड लिटर रक्त साचू शकते. प्रौढाच्या शरीरात एकूण रक्त साधारण पाच लिटर. बाहेर थेंबही न दिसता रुग्ण अत्यवस्थ होतो, तो यामुळे.

म्हणून पाय ओढून सरळ करू नये, चोळू नये. जखम वाहत असल्यास स्वच्छ कापडाने दाबून धरावी. शस्त्रक्रियेची शक्यता असल्याने खाणे-पिणे देऊ नये. १०८ किंवा ११२ वर फोन करावा. रुग्णवाहिकेला उशीर होणार असेल आणि रुग्णाला हलवावेच लागणार असेल, तर मोडलेला पाय आहे त्या स्थितीत, मध्ये कापड ठेवून, चांगल्या पायाला बांधावा.

उपचार काय?

प्रौढांमध्ये दांड्याच्या पोकळीत धातूची सळई बसवतात. जर्मन शल्यचिकित्सक गेरहार्ड कुंचर यांनी १९३९ मध्ये ही पद्धत वापरली. सळईमुळे रुग्ण काही दिवसांत आधाराने उभा राहतो. पण हाड पक्के जुळायला बहुधा चार ते सहा महिने लागतात. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना आणखी उशीर होतो.

मग अडचण कुठे?

शस्त्रक्रिया सात दिवसांत होऊ शकते. मात्र योजनेचा पूर्ण लाभ नियुक्त रुग्णालयातच मिळतो. इतरत्र प्रकृती स्थिर करण्यापुरतेच उपचार आहेत. नंतरचे एक्स-रे, व्यायामोपचार आणि बुडालेली मजुरी घरच्यांवरच येते. शेतमजूर, चालक, लेणीवरचा विक्रेता यांच्यासाठी हाच खर्च मोठा.

बुडालेल्या कमाईची भरपाई मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे मागता येते. मात्र सुधारित कायद्यात त्यासाठीची मुदत अपघातापासून सहा महिने आहे. म्हणजे रुग्ण स्वतःच्या पायावर चालू लागेपर्यंत मुदत सरत आलेली असते. त्यामुळे पोलिसांकडील नोंद, रुग्णालयाची कागदपत्रे, औषधांची बिले आणि मजुरीचा पुरावा घरच्यांनी पहिल्या आठवड्यापासूनच जपून ठेवावा. हाड जुळण्याची वाट पाहत दावा लांबवू नये.