दूध पुरत नाही, असं म्हणण्याआधी

भाताच्या आवणीत घरातल्या बाईला श्वास घ्यायला फुरसत नसते. त्यात घरात तान्हं बाळ असेल तर त्या बाळंतिणीचे हाल विचारू नयेत. बाळ रात्रभर किरकिरतं, छातीला नीट लागत नाही, बोंडांना चिरा पडतात. मग घरातलं कुणीतरी निकाल देऊन टाकतं, "हिला दूधच पुरत नाही." दुसऱ्या दिवशी पावडरचा डबा आणि बाटली घरात येते.

शेतीच्या पानावर हा विषय कशाला, असं कुणी म्हणेल. पण पहाटे मोगरा खुडून लोकल धरणारी, खाचरात दिवसभर वाकणारी बाई जर बाळंतीण असेल, तर तिची अडचण ही सगळ्या घराची अडचण आहे. कुपोषण म्हटलं की आपल्याला १९९२-९३ सालचं जव्हारचं वावर-वांगणी आठवतं. पण बाळाची हेळसांड डोंगरातच होते असं नाही. पावसाळ्यात न उकळलेल्या पाण्याची बाटली वसईच्या वाडीतही जुलाब घेऊन येते. डबा महाग म्हणून पावडर कमी आणि पाणी जास्त घातलं, तर पोट भरल्यासारखं दिसतं आणि वजन मात्र वाढत नाही.

ज्यांच्या दावणीला गुरं आहेत त्यांना एक गोष्ट सांगायला नको. कास पुरती मोकळी झाली नाही तर दूध आटत जातं. माणसातही नियम तोच. बाळ जितकं ओढेल तितकं दूध तयार होतं. बाटलीनं पोट भरलं की बाळ कमी ओढतं, कमी ओढलं की दूध कमी होतं, आणि घरचे म्हणतात, बघा, आम्ही सांगितलंच होतं. वासराला चीक मिळावा म्हणून आपण धडपडतो. मग बाळाचं पहिलं पिवळं दूध पिळून का टाकायचं? देशाच्या २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत दवाखान्यातली बाळंतपणं ८८.६ टक्के होती, पण पहिल्या तासात आईचं दूध मिळालेली बाळं ४१.८ टक्केच.

दूध पुरतं की नाही हे रडण्यावरून ठरवू नये. पहिले पाच दिवस सरल्यावर बाळ दिवसात सहा किंवा जास्त वेळा लघवी करत असेल आणि दोन आठवड्यांत जन्माच्या वजनावर परत आलं असेल, तर दूध पुरतं आहे. सुरुवातीला दिवस-रात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजावं लागतं. वारंवार मागतं म्हणजे उपाशी आहे असं नव्हे.

बोंडं दुखत असतील तर आधी धरण्याची पद्धत तपासा. बाळाचं पोट आईच्या पोटाला, डोकं-मान-पाठ एका रेषेत. बाळानं तोंड मोठं उघडलं की नुसतं बोंड नव्हे, भोवतालचा काळसर भागही तोंडात गेला पाहिजे. हनुवटी छातीला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला. छाती दगडासारखी झाली तर कोमट फडक्यानं शेकून थोडं दूध हातानं काढावं, मग पाजावं. छाती लाल होऊन ताप आला तर डॉक्टरांना दाखवा, पण पाजणं बंद करू नका.

कामावर जाणं टळत नसेल तर स्वच्छ हातांनी दूध काढून झाकणाच्या स्वच्छ भांड्यात, थंड जागी ठेवा आणि चार तासांच्या आत वाटी-चमच्यानं पाजा. बाटली नको.

आता रडण्याचं. दुसऱ्या आठवड्यापासून बाळाचं रडणं वाढतं, सहाव्या आठवड्याच्या सुमारास कळस गाठतं आणि तीन-चार महिन्यांत उतरतं. संध्याकाळी जास्त. दृष्ट काढायची तर खुशाल काढा. पण घुटी, मध, साखरपाणी, ग्राइप वॉटर देऊ नका. सहा महिने आईच्या दुधाशिवाय पाणीसुद्धा लागत नाही. ढेकर काढा, उघड्या छातीशी धरा, खांद्यावर घेऊन फिरवा. हे काम बाबांनाही जमतं. तेवढ्यात बाळंतिणीची दोन तास झोप होते.

मात्र बाळानं पिणं सोडलं, अंग थंड किंवा तापलेलं लागलं, धाप लागली, झटके आले, हिरवी उलटी झाली, तळहात-तळपाय पिवळे दिसले, तर थांबू नका. १०८ ला फोन लावा. काही आयांना खरंच दूध कमी येतं, काहींना औषधामुळे पाजता येत नाही. तिथं डॉक्टरांच्या सल्ल्यानं वरचं दूध द्यावं. त्यात आईचा दोष नाही, टोमणे मारू नयेत. आई दोन आठवड्यांहून जास्त उदास राहिली तर तिलाही उपचार हवेत.

ही मदत घरापर्यंत नेता येते, हे गडचिरोलीनं दाखवलं आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली. दूध पाजणं, ऊब, जंतुसंसर्गावर उपचार, सगळं घरी जाऊन. तिथं नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचं १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालं. आशाताईंच्या घरभेटी त्याच वाटेनं आल्या. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी, अशा सहा भेटी ठरलेल्या आहेत.

या भेटी कागदावर होतात की उंबऱ्याच्या आत, हे सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी विचारलं पाहिजे. आशाताईनं वजन करून परत न फिरता बाळ छातीला कसं लागतं ते पाहावं. आयआयटी मुंबईनं यावर मराठी चित्रफिती केल्या आहेत. त्या अंगणवाडीत दाखवाव्यात. बाळाच्या दुधाच्या डब्याची जाहिरात १९९२ च्या कायद्यानं बंद आहे. दुकानात तसा फलक दिसला तर तक्रार करावी.

१ ते ७ ऑगस्ट हा स्तनपान सप्ताह, आणि १५ ऑगस्टला ग्रामसभा. रस्ता-गटाराच्या विषयांबरोबर गावात बाळंतिणी किती आणि सहा भेटी कितींना मिळाल्या, हा प्रश्नही त्या सभेत विचारा. त्याला पैसा लागत नाही.