सगळं क्लाऊडवर आहे म्हणे!

मंडळी, हल्ली कुठल्याही पतसंस्थेत, हळदीच्या आडतीवर किंवा संस्थेच्या ऑफिसात विचारा, "कॉम्प्युटर बसला तर हिशोबाचं काय?" उत्तर ठरलेलं. "सर, काळजी नको, सगळं क्लाऊडवर आहे." जणू वरुणराजानेच हमी घेतली! या उत्तरावर माझा सक्त आक्षेप आहे. आमच्या नात्यातले दोघे-तिघे संचालक हे वाचतात, त्यांनी राग मानू नये. खरं तर हे त्यांच्यासाठीच लिहितो आहे.

क्लाऊड म्हणजे आभाळ नव्हे, दुसऱ्याच्या इमारतीतले कॉम्प्युटर. त्या इमारतीलाही आग लागते. २६ सप्टेंबर २०२५ ला दक्षिण कोरियात देजॉनच्या सरकारी डेटा सेंटरला बॅटरीमुळे आग लागली. सरकारी कर्मचाऱ्यांच्या फायलींची 'जी-ड्राइव्ह' तिथेच होती. ८५८ टेराबाइट माहिती गेली, कारण बाहेर दुसरी प्रतच नव्हती. आकार फार मोठा म्हणून ठेवली नाही म्हणे!

ऑस्ट्रेलियातल्या 'युनिसुपर' या पेन्शन फंडाचं गूगल क्लाऊडवरचं खातं मे २०२४ मध्ये चुकून पुसलं गेलं. दोन ठिकाणच्या प्रती एकदमच गेल्या. वाचवलं ते दुसऱ्या कंपनीकडे ठेवलेल्या प्रतीने. तरी सभासदांचे आठवडाभर हाल झाले.

आणि आपल्याकडे? जुलै २०२४ च्या अखेरीस सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीची यंत्रणा खंडणीखोर व्हायरसच्या तडाख्यात सापडली. तिच्यावर विसंबलेल्या सुमारे ३०० छोट्या बँकांचे एटीएम, यूपीआय व्यवहार अडले. त्यात सहकारी बँका होत्या, ग्रामीण बँका होत्या. त्यांच्या स्वतःच्या इमारतीत काहीच घडलं नव्हतं!

मग क्लाऊड नकोच का? असं मुळीच नाही. सर्व्हर एका खोलीत आणि बॅकअपची हार्ड डिस्क त्याच खोलीच्या कपाटात, ही आपली जुनी पद्धत त्याहून वाईट. "हिंगोलीत काय होणार?" म्हणणाऱ्यांनी २१ मार्च २०२४ ची सकाळ आठवावी. ४.५ तीव्रतेचा भूकंप. १० जुलैला पुन्हा तेवढाच. भिंत पडली तर कपाट आणि सर्व्हर दोन्ही एकाच ढिगाऱ्यात. दूरची प्रत हवीच. पण ती विकत घेताना भाजी घेताना विचारतो तेवढे तरी प्रश्न विचारा की!

१. प्रत कुठल्या शहरात आहे? मूळ माहिती आणि प्रत एकाच इमारतीत तर नाही ना?
२. आज दुपारी बंद पडलं तर कधीपर्यंतच्या नोंदी परत मिळतील? काल रात्रीपर्यंतच्या, की मागच्या सोमवारपर्यंतच्या?
३. काउंटर किती तासांत सुरू होईल? हे करारात लिहून देता का?
४. कोणालाही पुसता किंवा बदलता येणार नाही अशी एक प्रत आहे का? व्हायरस चालू जोडणीतून प्रतीपर्यंतही पोचतो.
५. कंपनी बदलली तर आमची माहिती वाचता येईल अशा स्वरूपात परत मिळेल का?

आणि सर्वांत महत्त्वाचं, वर्षातून दोनदा तरी ती प्रत उघडून दुसऱ्या कॉम्प्युटरवर संस्था चालवून बघा. स्नेहसंमेलनाची आपण रंगीत तालीम घेतो, आणि लोकांच्या ठेवींची नाही? जी प्रत कधी उघडलीच नाही ती प्रत नव्हे, नुसती समजूत.

"परवडत नाही सर" हे उत्तरही ठाऊक आहे. सगळंच तासाभरात परत यायला कशाला हवं? ठेवी, कर्जं आणि सभासदांच्या नोंदी आधी. समारंभांचे फोटो आठवड्याने आले तरी चालतील. अशी वर्गवारी केली की बिल आपोआप उतरतं. पण त्यासाठी संचालकांनी डोकं चालवायला हवं, विक्रेत्याने नव्हे.

बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो. पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. तिथे म्हाताऱ्या माणसाचा आधार म्हणजे त्याचं पासबुक आणि संस्थेतली नोंद. म्हणून माझी मागणी साधी आहे. वार्षिक सर्वसाधारण सभेच्या अहवालात नफा-तोट्याच्या शेजारी एक ओळ छापा: बॅकअपवरून संस्था शेवटची कधी चालवून पाहिली, आणि किती तास लागले. सभासदहो, ती ओळ नसेल तर चहा-फरसाण घेण्याआधी उभे राहून विचारा.

असो. संचालक मंडळींनी उत्तर जरूर द्यावं. तारखेसकट!