नुसते ओठ हलव

बहात्तराव्या वर्षी मी गाणं शिकायला लागले. घरात कुणी हसलं नाही हे विशेष. (नागपूरचे भाचे हसले असतील, पण फोनवर दिसत नाही.)

क्लासात मी सोडून सगळी आठ-दहा वर्षांची मुलं. ताईंनी पहिल्याच दिवशी भूप दिला. पाचच स्वर, म आणि नी नाहीतच, म्हणजे चुकायला जागाही कमी. तरी दोन महिने माझ्या तोंडून धड सा निघाला नाही. मुलं एका सुरात म्हणत (म्हणजे चार सुरांत!) आणि मी नुसते ओठ हलवायची. शेजारचा मुलगा मात्र खुशाल बेसूर आरोह म्हणून, अवरोह विसरून, पेरू खायला मोकळा.

मला वाटतं, ह्याला आपलं पुणंही थोडं कारण आहे. भीमसेनजींनी १९५३ साली गुरूंच्या स्मरणार्थ सवाई गंधर्व महोत्सव सुरू केला, तेव्हापासून ह्या गावाचे कान तयार होत आले. मीही रमणबागेच्या मैदानावर शाल गुंडाळून रात्री काढल्यात. 'आज पंचम जरा उतरला होता' असं चहा पिताना म्हणण्याचा अधिकार मिळवलाय. पण ज्या कानांनी भीमसेनजी ऐकले, त्याच कानांनी स्वतःचा सा ऐकायचा म्हणजे शिक्षाच. आपण रसिकतेला फार मान देतो. तिच्याआड 'मी नाही बाई गाणार' हा भित्रेपणा किती सोयीने लपतो, ते मला आत्ता कळतंय.

विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, भास्करबुवा बखल्यांनी १९११ साली आपल्या पुण्यात भारत गायन समाज. तिथे आलेले सगळे काय गवई होणार होते? बहुतेक जण बेताचेच गाणार, हे त्या मोठ्या माणसांना ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. तरी त्यांनी दारं उघडली.

आणि मी? नोकरीत असताना स्नेहसंमेलनाच्या समूहगीतात एक मुलगी फार बेसूर गायची. मी तिला बाजूला घेऊन म्हटलं, "तू नुसते ओठ हलव हं." आमच्या वर्गाला बक्षीस मिळालं. ती पहिल्या रांगेत ताठ उभी राहून, हसऱ्या चेहऱ्याने ओठ हलवत होती. किती छान तोडगा काढला, असं तेव्हा मला वाटलं होतं.

गेल्या गुरुवारी ताईंनी माझ्यासाठी पट्टी काळी चारवरून पांढरी चारवर आणली आणि म्हणाल्या, "काकू, वाईट गा, पण मोठ्याने गा." गायले. घोगरा, थरथरता, पण माझा सा. पेरूवाला खाता खाता थांबला. "आजी, तुमचा आवाज असाय होय!"

ती मुलगी आता पन्नाशीची असेल. तिचं सासरचं नाव मला माहीत नाही, नाहीतर पत्र टाकलं असतं.