सांताची गाडी उडते कशी, हे मुलांना शोधू द्या

प्रति,
मारुंजी-हिंजवडी परिसरातील शाळांचे मुख्याध्यापक, विज्ञान व गणिताचे शिक्षक,
तसेच गृहनिर्माण सोसायट्यांच्या सांस्कृतिक समित्या

विषय : १७ ते २४ डिसेंबर हा आठवडा मुलांच्या ‘उड्डाण-गणिता’साठी देण्याबाबत



नाताळ जवळ आला की सोसायटीच्या आवारात लाल डगल्यातला सांता येतो, चॉकलेटं वाटतो आणि एखादं पोर हमखास विचारतं, “याची गाडी उडते कशी?” मोठी माणसं सांगतात ‘जादूने’, नाहीतर ‘तसं काही नसतं’. दोन्ही उत्तरांनी प्रश्न तिथेच संपतो. माझी आपणांस विनंती आहे की तो फळ्यावर लिहा.

सगळं जग राहू द्या, नुसता पुणे जिल्हा घ्या. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे ९४ लाख. घरटी साडेचार माणसं धरली तर २१ लाख घरं. रात्र १० तासांची, म्हणजे ३६,००० सेकंद. भागाकार पाचवीतलं मूलही करील : सेकंदाला ५८ घरं! जिल्ह्याचं क्षेत्रफळ १५,६४३ चौरस किलोमीटर. घरं सारख्या अंतरावर पसरली आहेत असं मानलं, तर दोन घरांमध्ये साधारण ८६ मीटर. म्हणजे गाडीचा वेग सेकंदाला ५ किलोमीटर, ध्वनीच्या जवळजवळ १५ पट. प्रत्येक दाराशी थांबायचं तर अर्धं अंतर वेग घ्यायचा आणि अर्ध्यात तो शून्यावर आणायचा. नववीतली गतीची समीकरणं लावली की त्वरण निघतं गुरुत्व त्वरणाच्या सुमारे १ लाख २० हजार पट. लढाऊ विमानाचा वैमानिक खास पोशाख घालून ९ पटींपर्यंत सोसतो.

पुढे अभियांत्रिकी सुरू होते. इतक्या वेगात समोरची हवा दाबली जाऊन हजारो अंशांपर्यंत तापते. अंतराळातून परतणाऱ्या यानांना उष्णतारोधक कवच त्यासाठीच लागतं. मग गाडी ओढणाऱ्या रेनडिअरच्या अंगावर ते चढवायचं कसं? घरटी १ किलोची भेट म्हटली तरी २,१०० टन माल, म्हणजे दहा टनी २१० ट्रक. गाडीला पंख नाहीत, तेव्हा एवढं वजन वर उचलणारं बल आणायचं कुठून? या प्रश्नांवर मुलं तासभर भांडतील, आणि ते भांडण म्हणजेच विज्ञानाचा तास.

गावठाणातल्या एखाद्या मुलाला सांता परका वाटला, तर त्याने संजीवनीचा डोंगर आणणाऱ्या मारुतिरायाचं उड्डाण घ्यावं. लंका ते हिमालय सुमारे २,५०० किलोमीटर. जाऊन-येऊन ५,००० किलोमीटर १० तासांत कापायचे, तर वेग येतो ताशी ५०० किलोमीटर, प्रवासी जेट विमानापेक्षाही कमी! वेगाची अडचणच नाही. अडचण आहे ती डोंगराच्या वजनाची. १०० मीटर उंच आणि तळाशी १०० मीटर त्रिज्येचा शंकूसारखा कातळाचा डोंगर जवळजवळ ३० लाख टन भरतो.

हिशेब केला की गोष्टीची गंमत जाते, श्रद्धा दुखावते, अशी धास्ती कुणाला वाटेल. मला तसं वाटत नाही. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच अभ्यासकांनी १९७४ साली ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथातल्या विमानांची वजन, उचल आणि तोल या कसोट्यांवर तपासणी केली आणि ती उडू शकणार नाहीत, असा निष्कर्ष मांडला. त्यांनी ग्रंथाची टिंगल केली नाही, त्यावर आंधळा विश्वासही ठेवला नाही. मोजून पाहिलं. आपल्या मुलांना हीच सवय हवी. आज सांताची गाडी मोजणारं मूल उद्या मोबाइलवर आलेला चमत्काराचा दावाही मोजून पाहील.

शिवाय गणित सांताला मारत नाही. एका घराला ५ मिनिटं दिली तर एक माणूस रात्रीत १२० घरं करतो. मग जिल्ह्याला सांता लागतात १७,५००. एका गाडीला न जमणारं काम वाटून घेतलं की जमतं, हा अभियांत्रिकीतला फार मोठा धडा आहे. प्रत्येक घरातल्या मोठ्यांनी आपापल्या घराचा भार उचलला, तर तेही सोपं होतं. लहानग्यांनी हे गुपित स्वतः उलगडावं; त्यात फसवल्याचं दुःख नाही, शोधल्याचा आनंद आहे.

म्हणून माझ्या मागण्या अशा :

१. १७ डिसेंबरला आठवडा सुरू करा. १९०३ साली याच दिवशी राइट बंधूंचं विमान १२ सेकंद उडालं आणि १२० फूट गेलं. तेवढं अंतर मुलांना मैदानावर चालून मोजू द्या.

२. २२ डिसेंबर हा रामानुजन यांचा जन्मदिन, राष्ट्रीय गणित दिन. त्या दिवशी वरचे हिशेब मुलांकडून करून घ्या. गृहीतकं त्यांनाच बदलू द्या.

३. २४ डिसेंबरला मुलांनी आपापल्या गाडीचे आराखडे मांडावेत. हिंजवडीच्या आयटी पार्कमधल्या अभियंत्या पालकांना परीक्षक म्हणून नव्हे, श्रोते म्हणून बोलवा.

४. सोसायट्यांनी सांताच्या झोळीत प्रश्नांसाठी पोस्टकार्डं ठेवावीत. डॉ. जयंत नारळीकर मुलांना स्वाक्षरीऐवजी पोस्टकार्डावर प्रश्न पाठवायला सांगत आणि उत्तर स्वतः लिहीत. तो रिवाज आपण मारुंजीत चालू ठेवू या.

यासाठी प्रयोगशाळा लागत नाही, निधी लागत नाही. खडू, फळा आणि मुलांना चुकू देण्याची तयारी पुरेशी आहे. नोव्हेंबरअखेर आपला होकार कळवावा, म्हणजे पालकांना तयारीला हात लावता येईल.

कळावे,
मारुंजीतील एक पालक