हिस्सा आधी, नीती मागून

भंडारदऱ्यातून सुटलेलं पाणी निळवंड्यात येतं आणि पुढे प्रवरेतून गोदावरीला मिळून पैठणच्या जायकवाडीत पोचतं. १९२६ साली पुरं झालेलं भंडारदऱ्याचं धरण बांधलं गेलं प्रवरेच्या खालच्या भागातल्या शेतीसाठी. आता मात्र १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा साठा ठरलेल्या टक्केवारीच्या आत असेल, तर वरच्या धरणांनी पाणी सोडायचं असतं. या समन्यायी वाटपाला २००५ च्या कायद्याचा आधार आहे. तरी दर दुष्काळात नगर-नाशिक आणि मराठवाडा समोरासमोर उभे राहतात आणि दोन्हीकडचे पुढारी एकमेकांची नियत काढतात. मला वाटतं, हिस्सा आधी ठरलेला असणं हीच इथली पहिली नीती. ॲरिस्टॉटलच्या मते वाटपातला न्याय प्रमाणात असतो, सरसकट सारख्या वाट्यांत नसतो. आणि प्रमाण कशाचं धरायचं यावरूनच माणसं भांडतात, हेही त्याने हेरलं होतं. आपलं भांडण तेच आहे: धरण कुणाच्या हद्दीत हे बघायचं, लाभक्षेत्र बघायचं, की तहान बघायची? दुष्काळ पडल्यावर हे ठरवायला बसलं, की धरणाचे दरवाजे ज्याच्या हाती त्याचंच खरं होतं.

नुसत्या कायद्याने आणि शिक्षेने लोकांना वळण लावलं तर ते शिक्षा चुकवायला शिकतात, त्यांना लाज उरत नाही, असं कन्फ्यूशियस म्हणे. हा आक्षेप खरा आहे. नदीत आवर्तन सुटलं की काठच्या पंपांची वीज तोडावी लागते, ती याचमुळे. पण लाज वाटायलाही आपला वाटा किती हे ठाऊक असावं लागतं.

त्याच परंपरेतल्या मेन्सियसचा आक्षेप मला जास्त अवघड वाटतो. पोटापाण्याची शाश्वती नसलेल्या सामान्य माणसाकडून राज्यकर्त्याने सदाचाराची अपेक्षा धरू नये, असं तो राजांना तोंडावर सांगत असे. अकोले तालुक्यात धरणांच्या वरच्या अंगाला वाड्यांवर राहणाऱ्या आदिवासी बायकांना उन्हाळ्यात हंड्यासाठी पायपीट करावी लागते, आणि आपण हिशेब करतो तो धरणाधरणांतल्या साठ्याचा. त्यांना त्यागाचं महत्त्व सांगायचा हक्क खालच्या कुणालाच नाही. वाटपातली पहिली वजावट या वाड्यांची हवी. चढावर पाणी नेणं परवडत नाही, असं उत्तर मिळतं. जायकवाडीच्या वाटेवर कोरड्या पात्रात जिरणारं पाणी आपण हिशेबात धरतो, तर हा खर्चही धरला पाहिजे.